राइड मधेच तुटते? सेटिंगला हात लावण्याआधी नकाशावरची रेषा बघा

लक्षणं

सायकलची राइड फोनवर रेकॉर्ड करणाऱ्या ॲपमध्ये तुटलेली राइड उघडा, नकाशा मोठा करा आणि रेषा सुरुवातीपासून शेवटपर्यंत बोट फिरवत बघा. बिघाड कुठे आहे ते बहुतेक वेळा रेषेच्या आकारावरूनच कळतं.

- रेषा एका जागेवरून दुसरीकडे पट्टीने आखल्यासारखी सरळ जाते. उदाहरणार्थ, खडकवासल्याच्या चौपाटीवरून धरणाचं पाणी ओलांडून थेट डोणज्याला. पुढे ती पुन्हा रस्त्यावर येते.
- रेषा छान चालत असते आणि मधेच संपते. त्यानंतरची राइड नाहीच.
- रेषा नागमोडी, थरथरती. इमारतींवरून, नदीपात्रातून जाते. सपाट रस्त्यावर ताशी 90 किलोमीटरचा वेग दाखवते.
- रेषा अगदी बरोबर, पण वेळ किंवा अंतर सोबत्यांपेक्षा कमी.
- पहिल्याच मिनिटात मोठी उडी. निघालात कोथरूडहून, रेषा सुरू होते हिंजवडीच्या ऑफिसातून.
- रेकॉर्डिंग नीट, पण नकाशा कोरा पडतो किंवा ॲप भलत्या वाटेला नेतं.
- राइड पूर्ण झाली, सेव्हही केली, पण खात्यावर दिसत नाही.

पुण्यातल्या आमच्या सायकल ग्रुपमध्ये असे फोन बहुधा माझ्याकडे येतात, आणि येताना निदान सोबत घेऊनच येतात: "दादा, जीपीएस गेलंय." प्रत्यक्षात जीपीएस क्वचितच गेलेलं असतं. पहिली दोन लक्षणं असतील तर जवळजवळ नेहमी फोननेच बॅटरी वाचवायला ॲपला मधेच थांबवलेलं असतं. हा फरक महत्त्वाचा आहे. जीपीएस कमजोर असेल तर चुकीचे का होईना, पण बिंदू पडतात आणि रेषा वाकडीतिकडी येते. पट्टीसारखी सरळ रेषा म्हणजे मधल्या वेळात बिंदू पडलेच नाहीत, ॲपने नंतर दोन टोकं जोडली. हे ओळखता आलं की नवा फोन घ्यायचा विचार बाजूला पडतो आणि अर्ध्या तासात काम होतं.

बोगदा त्याला अपवाद. कात्रजच्या नव्या बोगद्यातून गेलात तर आतल्या अंतराची रेषा सरळ येणारच. उपग्रहांचे संदेश डोंगराच्या पोटात पोचत नाहीत. तो बिघाड धरू नका.

सगळ्यात आधी हातातली राइड वाचवा

राइड खात्यावर दिसत नाही म्हणून लोक घाबरून ॲप काढून टाकतात आणि पुन्हा टाकतात. हे अजिबात करू नका. अपलोड न झालेली राइड फक्त तुमच्या फोनमध्ये, त्या ॲपच्या साठ्यात असते. ॲप काढलं की तीही जाते. सेटिंगमधलं 'क्लिअर डेटा' किंवा 'क्लिअर स्टोरेज' दाबलं तरी तेच होतं. 'क्लिअर कॅशे' त्या मानाने निरुपद्रवी, पण राइड अडकलेली असताना तेही दाबायची गरज नाही.

घरच्या वायफायवर या, ॲप उघडं ठेवा, थोडं थांबा. फोनची साठवण भरली असेल तर जुने व्हिडिओ काढून एखादा जीबी मोकळा करा. जागाच नसेल तर ॲपला फाइल लिहिता येत नाही. फोनची तारीख-वेळ 'ऑटोमॅटिक' आहे ना तेही बघा. घड्याळ चुकलेलं असलं की सर्व्हरशी जोडणी होत नाही. एवढं करून राइड वर गेली नाही आणि ॲपमध्ये जीपीएक्स फाइल (राइडची वाट साठवणारी फाइल) काढायची सोय असेल, तर ती फाइल काढून स्वतःच्या मेलवर पाठवा. नंतर संगणकावरून ती हाताने अपलोड करता येते.

राइड मधेच तुटली असेल तर सोबत असलेल्या कुणाची तरी जीपीएक्स मागून घ्या. तो तुमचा वेग नव्हे, पण वाट तरी हाती राहते.

आता तपासण्या. वरून खाली क्रमाने जा. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर कशाने फरक पडला ते कळणार नाही आणि पुढच्या अपडेटनंतर पुन्हा सगळं पहिल्यापासून करावं लागेल.

1. निघण्याआधी एक मिनिट मोकळ्या आकाशाखाली उभे राहा

फुकट आणि सगळ्यात सोपं. सुरुवातीची उडी असेल तर बहुधा इथेच मिटतं.

फोनला आपली जागा कळायला किमान चार उपग्रह लागतात. प्रत्येक उपग्रह आपल्या कक्षेची अचूक माहिती दर 30 सेकंदांनी पुन्हा पुन्हा सांगत असतो. मोबाइल डेटा चालू असेल तर फोन हीच माहिती इंटरनेटवरून चटकन उचलतो, म्हणून शहरात काही सेकंदांत काम होतं. डेटा बंद असेल तर ती आकाशातूनच ऐकावी लागते, आणि पार्किंगच्या छपराखाली ती तुटक ऐकू येते. तोवर ॲपला फोन शेवटची माहीत असलेली जागा देतो. शुक्रवारी ऑफिसात लोकेशन शेवटचं वापरलं असेल तर रविवारची राइड ऑफिसातून सुरू होते ती अशी.

सोसायटीच्या गेटबाहेर या, ॲप उघडा, निळा ठिपका तुमच्या जागी येऊन स्थिर होऊ द्या, भोवतीचं फिकट वर्तुळ लहान होऊ द्या, आणि मग सुरू करा. ताम्हिणीसारख्या रेंज नसलेल्या भागात राइड सुरू करणार असाल तर जास्त वेळ द्या.

2. बॅटरी सेव्हर

सरळ रेषा राइडच्या उत्तरार्धात, बॅटरी उतरल्यावर सुरू होते का? मग आधी हे बघा. अँड्रॉइडच्या बऱ्याच फोनांत बॅटरी 15 किंवा 20 टक्क्यांवर आली की सेव्हर आपोआप लागतो. अँड्रॉइड 9 पासून सेव्हरला लोकेशनवरही बंधन घालता येतं. स्क्रीन बंद झाली की लोकेशनच बंद. फोन खिशात आणि स्क्रीन बंद, म्हणजे सायकलस्वाराची नेहमीचीच अवस्था. लोणावळ्याला जाताना रेषा उत्तम आणि परतीला कामशेतनंतर सरळ, असं दिसलं की मी आधी सेव्हरच बघतो.

सेव्हर आपोआप लागण्याची सोय बंद करा. आयफोनवरही राइडला निघताना लो पॉवर मोड बंद ठेवा.

3. ॲप सरकवून टाकू नका, दोन ॲप एकत्र चालवू नका

हॉटेलवर मिसळीची वाट बघताना फोन काढायचा, उघडी ॲप्स बघायची आणि सगळी वर सरकवून "साफ" करायची, ही सवय फार जणांना असते. काही फोनांत या सरकवण्याने रेकॉर्डिंग करणारं ॲपही बंद पडतं. रेषा अशा ठिकाणी संपत असेल जिथे तुम्ही थांबला होतात, तर कारण हेच. उघड्या ॲप्सच्या यादीत रेकॉर्डिंगच्या ॲपवर दाबून धरा. बऱ्याच फोनांत कुलपाचं चिन्ह येतं. ते लावलं की 'सगळं बंद करा' दाबलं तरी ते ॲप राहतं.

अँड्रॉइड 13 पासून वरून खाली ओढल्यावर 'चालू असलेली ॲप्स' दिसतात आणि प्रत्येकापुढे 'स्टॉप'चं बटण असतं. बॅटरी वाचवायला ते दाबलं की राइड गेली.

स्ट्राव्हा हे राइड रेकॉर्ड करणारं ॲपही चालू, दुसरं रेकॉर्डिंगही चालू, वर गूगल मॅप्सचं बोलणं आणि गाणी, एवढं सगळं तीन-चार जीबी रॅमच्या फोनला झेपत नाही. मेमरी कमी पडली की फोन मागच्यांपैकी कुणाला तरी बंद करतो. रेकॉर्डिंग एकाच ॲपने करा.

4. लोकेशनची परवानगी: पावसाळ्यानंतर हमखास

सप्टेंबरअखेरीस पाऊस ओसरला की पुण्यात सायकली पुन्हा रस्त्यावर येतात आणि त्याच आठवड्यांत माझ्याकडच्या तक्रारी वाढतात. त्याला एक ठोस कारण आहे. अँड्रॉइड 11 पासून एखादं ॲप काही महिने उघडलं नाही तर फोन त्याच्या परवानग्या स्वतःहून काढून घेतो. जूनमध्ये सायकल आत ठेवलेल्याचं ॲप ऑक्टोबरात परवानगीशिवाय उभं असतं. उघडल्यावर ते पुन्हा विचारतं, आणि निघायच्या घाईत लोक 'या वेळेपुरतं' दाबून मोकळे होतात.

सेटिंग, ॲप्स, तुमचं ॲप, परवानग्या, लोकेशन या क्रमाने जा. तिथे दोन गोष्टी बघायच्या.

पहिली, 'फक्त ॲप वापरताना' की 'नेहमी'. राइड सुरू करताना ॲप समोर उघडं असतं, त्यामुळे नियमाने 'वापरताना' एवढं पुरतं. पण 'नेहमी'चा पर्याय दिसत असेल तर तो निवडा. एक शंका कायमची मिटते. ॲपवर विश्वास नसेल तर मात्र ते ॲपच वापरू नये असं माझं मत आहे.

दुसरी, 'अचूक लोकेशन' चालू आहे का. अँड्रॉइड 12 आणि आयओएस 14 पासून हे वेगळं बटण आलं आहे. ते बंद असेल तर ॲपला फक्त ढोबळ परिसर कळतो आणि रेषा किलोमीटरभर इकडेतिकडे उड्या मारते. जीपीएस गेल्यासारखं सगळ्यात जास्त यामुळेच वाटतं, आणि दुरुस्ती एका बटणाची असते.

त्याच पानावर तळाशी 'वापरात नसेल तर परवानग्या काढा' अशा अर्थाचं बटण असतं, ते बंद करा. पुढच्या ऑक्टोबरात त्रास नको. ॲपच्या सूचनाही बंद करू नका. रेकॉर्डिंग चालू असताना वरच्या पट्टीत दिसणारी सूचना ही ॲप जिवंत असल्याची खूण आहे. घाट चढायला लागण्याआधी तिच्यावर एक नजर टाकायची सवय लावा.

5. बॅटरीचे निर्बंध: खरं दुखणं बहुधा इथे

वरचं सगळं करूनही सरळ रेषा येत असेल तर इथे वेळ द्या. माझ्याकडे आलेल्या फोनांपैकी सगळ्यात जास्त इथेच सुधारले आहेत.

2015 मध्ये अँड्रॉइड 6 सोबत 'डोझ' आलं: फोन टेबलावर पडून असेल तर मागे चालणाऱ्या ॲप्सना आवर घालायचा. पुढच्या वर्षी अँड्रॉइड 7 मध्ये त्याचं सौम्य रूप हलत्या फोनलाही लागू झालं, स्क्रीन बंद असली की पुरे. पण मूळ अँड्रॉइड रेकॉर्डिंगच्या ॲपला बरीच सवलत देतं. त्रास होतो तो फोन बनवणाऱ्यांनी त्याच्यावर चढवलेल्या आपापल्या थरांचा. 'बॅटरी दोन दिवस टिकते' हे सांगून फोन विकला जातो, आणि ते साधायला मागे चालणारं जे दिसेल ते बंद केलं जातं. दोन तास सलग जीपीएस वापरणारं ॲप त्यात पहिलं नजरेत भरतं. म्हणून एकाच ॲपची एकाच रस्त्यावरची राइड एका फोनवर अखंड येते आणि दुसऱ्यावर तुटते. ॲप बदलून फारसा फायदा होत नाही तोही यामुळेच.

काय करायचं? ॲपच्या माहितीच्या पानावर 'बॅटरी' उघडा. तिथे 'अनरिस्ट्रिक्टेड', 'ऑप्टिमाइझ्ड' आणि 'रिस्ट्रिक्टेड' असे पर्याय असतात. 'अनरिस्ट्रिक्टेड' निवडा. नव्या अँड्रॉइडमध्ये आधी 'मागे चालू द्या' असं एकच बटण दिसतं. त्याच्या नावावर दाबलं की आत हे पर्याय येतात. बटण चालू दिसलं म्हणून लोक मागे फिरतात आणि आतलं 'ऑप्टिमाइझ्ड' तसंच राहतं.

मग कंपनीचा थर. शाओमीच्या फोनांत 'ऑटोस्टार्ट' चालू करा आणि बॅटरी सेव्हरमध्ये त्या ॲपपुढे 'नो रिस्ट्रिक्शन्स' निवडा. सॅमसंगमध्ये बॅटरीच्या आत 'स्लीपिंग ॲप्स' आणि 'डीप स्लीपिंग ॲप्स' अशा याद्या असतात. तुमचं ॲप त्यातून काढून 'कधीही स्लीप नको'च्या यादीत घाला. ओप्पो, रिअलमी, विवो यांच्यात 'ऑटो लाँच' आणि 'बॅकग्राउंड ॲक्टिव्हिटी' अशा नावांनी हेच असतं. नावं अपडेटगणिक बदलतात, म्हणून सेटिंगच्या वरच्या शोधपट्टीत 'बॅटरी' आणि 'ऑटो' टाकून शोधा. फोनचं मोठं अपडेट आलं की हे सगळं पुन्हा एकदा तपासा. काही अपडेटनंतर ही सेटिंगं मूळपदाला जातात.

आयफोनवर हे दुखणं कमी. लोकेशनची परवानगी, अचूक लोकेशन, 'मोशन अँड फिटनेस' आणि 'बॅकग्राउंड ॲप रिफ्रेश' एवढं चालू असलं की पुरतं.

आता चाचणी. ही घरात बसून होत नाही. फोन चार्जरला लावलेला असेल तर डोझ लागतच नाही, आणि स्क्रीन उघडी ठेवून बघितलं तर सगळं ठीकच दिसणार. चार्जर काढा, रेकॉर्डिंग सुरू करा, स्क्रीन बंद करा, फोन खिशात टाका आणि घराभोवती अर्धा तास सायकल चालवा. वाटेत फोन काढून बघू नका; स्क्रीन उघडली की झोपलेलं ॲप जागं होतं आणि बिघाड झाकला जातो. घरी येऊन रेषा बघा. अखंड असेल तर पुढच्या रविवारी लांब जा.

6. रेषा बरोबर, वेळ कमी: ऑटो पॉझ

गोळेवाडीच्या नाक्यावरून सिंहगड चढताना शेवटच्या उभ्या वळणांवर नवख्याचा वेग चालण्याइतका होतो. ऑटो पॉझला, म्हणजे सायकल थांबली की घड्याळ थांबवणाऱ्या सोयीला, वाटतं हा थांबला. मग घड्याळ थांबतं, सुरू होतं, पुन्हा थांबतं. ज्या चढावर सगळ्यात जास्त दम काढला त्याचाच हिशेब अर्धवट येतो. घाटाच्या राइडला ऑटो पॉझ बंद ठेवा. थांबलेला वेळ बहुतेक ॲप्स नंतर वेगळा काढून दाखवतातच.

अंतरात शंभरामागे एक-दोन किलोमीटरचा फरक दोन फोनांत येतो. तो बिघाड नाही. मोकळ्या आकाशाखालीही फोनची जागा साधारण 5 मीटरने इकडेतिकडे असते, आणि प्रत्येक ॲप ती वेगळ्या पद्धतीने गुळगुळीत करतं. चढाईच्या मीटरांत तर याहून जास्त फरक पडतो: काही फोनांत हवेचा दाब मोजणारा सेन्सर असतो, काहींत नसतो आणि उंची नकाशावरून घेतली जाते. त्यावरून ग्रुपमध्ये वाद घालू नका.

7. फोन कुठे ठेवलाय

थरथरत्या रेषेसाठी ही तपासणी. फोन जर्सीच्या मागच्या खिशात, त्यावर केळी आणि पंक्चर किट, शिवाय धातूची प्लेट असलेलं कव्हर, असं असेल तर आधी जागा बदला. शरीर आणि धातू दोन्ही सिग्नल अडवतात. हँडलबारवर किंवा वरच्या दांडीवरच्या बॅगेत फोनला आकाश चांगलं दिसतं. चुंबकाच्या माउंटने जीपीएस बिघडत नाही, होकायंत्र बिघडतं: थांबलात की बाण उलटा फिरतो, चालू लागलात की सरळ होतो.

मात्र हँडलबारवर दोन धोके आहेत. एप्रिल-मेच्या उन्हात काळा फोन इतका तापतो की स्क्रीन मंद होते, चार्जिंग थांबतं आणि शेवटी फोन बंद होतो. दुसरा धोका धक्क्यांचा. कॅमेऱ्यातला स्थिरता राखणारा भाग सततच्या कंपनांनी बिघडू शकतो. मोटरसायकलच्या कंपनांबद्दल ॲपलने 2021 मध्ये तसा इशारा दिला होता. सायकलची कंपनं त्यापेक्षा सौम्य असली तरी खडबडीत रस्त्यावर रोज चालवत असाल तर धक्के शोषणारं माउंट घ्या, किंवा फोन बॅगेत ठेवा आणि वळणं कानाने ऐका. एकच इअरफोन लावा. दुसरा कान मागून येणाऱ्या डंपरसाठी मोकळा हवा.

काही ठिकाणी रेषा थरथरणारच. मुंबईत लोअर परळ किंवा नरिमन पॉइंटच्या उंच इमारतींत उपग्रहांचे संदेश काचांवर आपटून उशिरा पोचतात, आणि फोनला आपण पलीकडच्या गल्लीत आहोत असं वाटतं. पुण्यात कर्वे रस्त्यावर मेट्रोच्या पुलाखालूनही असंच होतं. मोकळ्या रस्त्यावर आल्यावर रेषा सुधारत असेल तर फोन निर्दोष आहे.

8. नकाशा कोरा किंवा वाट चुकीची

जीपीएसला इंटरनेट लागत नाही, नकाशाच्या चित्राला लागतं. ताम्हिणीत किंवा वरंध घाटात रेंज गेली की नकाशा पांढरा पडतो, पण रेकॉर्डिंग मागे चालूच असतं. घाबरून ॲप बंद करून पुन्हा उघडू नका. आदल्या रात्री त्या भागाचा नकाशा डाउनलोड करून ठेवा. ऑर्गॅनिक मॅप्स, ओएसएमअँड यांत हे फुकट होतं आणि दोन्ही ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या खुल्या नकाशावर चालतात, त्यामुळे गावाबाहेरच्या कच्च्या वाटाही बऱ्याचदा सापडतात.

वाट चुकीची दाखवत असेल तर ॲप कोणत्या वाहनाच्या हिशेबाने चाललंय ते बघा. सायकलचा पर्याय दिसला नाही की लोक गूगल मॅप्सच्या कारच्या वाटेने निघतात. ती वाट मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर नेते, जिथे दुचाकींना आणि सायकलींना बंदी आहे. तिथे दुचाकीचा पर्याय निवडा. तो 2017 मध्ये भारतातच पहिल्यांदा आला. तरीही आखलेली वाट घरी एकदा पूर्ण बघून घ्या. चांदणी चौकासारख्या ठिकाणी, जिथे एकावर एक रस्ते आहेत, ॲपला तुम्ही पुलावर आहात की पुलाखाली हे कळत नाही. तिथे पाटी वाचा, फोन नको.

9. सेन्सर

वेग किंवा पायडलचा सेन्सर सारखा तुटत असेल तर त्यातला नाण्यासारखा गोल सीआर2032 सेल बदला. खर्च अगदी किरकोळ. सेन्सर फोनच्या ब्लूटूथ यादीतून जोडू नका, ॲपच्या आतून जोडा. बरेच ब्लूटूथ सेन्सर एका वेळी एकाच ॲपला जोडले जातात. दुसऱ्या ॲपने धरून ठेवला असेल तर तुमच्या ॲपला तो दिसतच नाही. आणि चाकाचा घेर बरोबर भरा: 700×25 टायरला 2105 मिलिमीटर, 700×32 ला 2155.

10. फोन बंदच पडतो

लांब राइडला बॅटरी पुरत नसेल तर आता थोडा खर्च आहे. 200 किलोमीटरच्या बीआरएमची (ठरलेल्या मुदतीत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या राइडची) मुदत साडेतेरा तास असते. स्क्रीन उघडी ठेवून तेवढा वेळ कोणताही फोन टिकणं अवघड. स्क्रीन बंद ठेवणं हा सगळ्यात मोठा उपाय. रेंज नसलेल्या घाटात फोन टॉवर शोधत राहतो आणि बॅटरी झपाट्याने उतरते. तिथे एअरप्लेन मोड लावला तरी जीपीएस चालू राहतं. फक्त घरच्यांना आधी सांगा, कारण त्या वेळात फोन लागणार नाही आणि लाइव्ह लोकेशनही थांबेल.

पॉवर बँक घेताना मोठा आकडा बघू नका. 10,000 एमएएचच्या बँकेवर बारीक अक्षरांत 'रेटेड कपॅसिटी' लिहिलेली असते, ती साधारण 6,000 च्या आसपास. फोनला तेवढंच मिळतं. पावसात केबल जोडू नका; पोर्ट ओला असताना चार्जिंग केलं तर पोर्टच जळू शकतो.

11. शेवटची चाचणी, मग हार्डवेअर

इथवर येऊनही मोकळ्या मैदानात रेषा थरथरत असेल, तर 'जीपीएसटेस्ट' हे मोफत ॲप टाका. एखाद्या मोठ्या मैदानाच्या मधोमध उभं राहून पाच मिनिटं बघा. प्रत्येक उपग्रहापुढे सिग्नलची ताकद दिसते. बऱ्याच उपग्रहांपुढे 30 च्या वर आकडे असतील तर अँटेना ठीक आहे. पुन्हा वरच्या तपासण्यांकडे जा. सगळेच 20 च्या आसपास किंवा खाली रेंगाळत असतील आणि शेजारी उभ्या असलेल्या सोबत्याच्या फोनवर तेच उपग्रह 35-40 दाखवत असतील, तर दोष तुमच्या फोनच्या आत आहे. कव्हर काढून आणि फोन बंद-चालू करून एकदा खात्री करा.

अशा वेळी स्वतःला एक प्रश्न विचारा: अलीकडे स्क्रीन, बॅटरी किंवा मागची काच बदलली का, फोन पडला का, पाण्यात भिजला का? अँटेनाचा जोड बारीक स्प्रिंगसारख्या संपर्कांवर टेकलेला असतो. फोन उघडून पुन्हा बंद करताना तो नीट बसला नाही की कॉल, वायफाय सगळं चालतं आणि जीपीएस तेवढं कमजोर होतं.

इथे थांबा आणि सर्व्हिस सेंटर गाठा

- मैदानातल्या चाचणीत सगळे आकडे कमी आणि दुसऱ्या फोनवर चांगले.
- बॅटरी 30-40 टक्के असताना फोन अचानक बंद होतो. हे सेटिंगने सुटत नाही, बॅटरी थकली आहे.
- मागची बाजू फुगली आहे किंवा स्क्रीन कडेने उचलली आहे. फोन बंद करा, चार्जिंगला लावू नका, दाबून बसवू नका, हँडलबारवर तर मुळीच लावू नका. त्याच दिवशी घेऊन जा.
- पावसात भिजल्यावर स्क्रीन आपोआप दाबली जाते किंवा कॅमेऱ्याच्या काचेत वाफ दिसते.

युट्यूबवर बघून हेअर ड्रायरने मागची काच उचलू नका. पाणी अडवणारा गोंद एकदा सुटला की घरी पुन्हा तसा बसत नाही, आणि काच उचलताना पातं बॅटरीत घुसलं तर ती पेट घेऊ शकते. फॅक्टरी रीसेटही सर्व्हिस सेंटरने सांगितल्याशिवाय करू नका. हार्डवेअरचा दोष त्याने जात नाही आणि अपलोड न झालेल्या राइड मात्र जातात.

काउंटरवर "जीपीएस चालत नाही" एवढंच सांगितलंत तर ते मॅप्स उघडून निळा ठिपका दाखवतील आणि फोन परत देतील. जीपीएसटेस्टचे दोन्ही फोनांचे स्क्रीनशॉट सोबत न्या, कोणती दुरुस्ती कधी झाली ते सांगा आणि जॉब शीटवर 'मोकळ्या जागेत उपग्रहांचा सिग्नल कमजोर' असं लिहून घ्या. फोन परत घेताना दुकानाबाहेर मोकळ्यावर येऊन तेच ॲप पुन्हा उघडा, आकडे बघा, आणि मगच सही करा.